कमी पर्सेंटाईलची उकल

एमबीएची सीईटी दुसऱ्यांदा देणाऱ्या मुलांच्या घरी निकालाच्या दिवशी एक कोडं हमखास पडतं. वर्षभर जास्त अभ्यास झाला, बरोबर आलेले प्रश्न वाढले, तरी पर्सेंटाईल तिथल्या तिथे. कधी तर एक-दोननं खालीच. वडील विचारतात, "अगं, मार्क वाढले म्हणतेस, मग नंबर मागं कसा गेला?" मुलीला उत्तर देता येत नाही. मग आपल्याला ते जमणारच नाही असं ती मनाशी ठरवून टाकते आणि बँकेच्या नाहीतर एमपीएससीच्या अर्जाकडे वळते.

पारनेर, पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून नगरला येऊन अभ्यासिकेत बसणारी अशी मुलं आहेत. बी.कॉम., बी.एस्सी. किंवा कृषीची पदवी हातात असते आणि घरून एका वर्षाची मुदत मिळालेली असते. गुण कमी आले म्हणजे अभ्यास कमी पडला, असं समजून ती बसण्याचे तास वाढवतात. पण कमी गुणांमागे तीन-चार निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा असतो. तास वाढवल्यानं त्यातलं फार तर एक कारण दूर होतं. बाकीची तशीच राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच गुण कापतात.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत

दहावी-बारावीच्या टक्क्यांची सवय झालेल्या घरांत पर्सेंटाईलसुद्धा टक्क्यांसारखंच वाचलं जातं. 72 पर्सेंटाईल म्हणजे शंभरातले 72 गुण, असं धरलं जातं. प्रत्यक्षात हा आकडा तुमच्या गुणांबद्दल थेट काहीच सांगत नाही. तुमच्याबरोबर परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा 72 जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एका सत्रात 10,000 जण बसले आणि त्यांतल्या 7,200 जणांचे गुण तुमच्याएवढे किंवा कमी असले, तर तुमचं पर्सेंटाईल 72. मग तुम्ही 200 पैकी 88 मिळवलेले असोत की 108.

नेप्तीच्या कांदा बाजारात माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. गोणीतला कांदा तोच असतो, पण त्या दिवशी आवक कसल्या मालाची झाली यावर तो एक नंबरात जातो की दोन नंबरात, हे ठरतं. आपल्या कांद्याचा आकार गेल्या खेपेपेक्षा थोडा वाढला, पण बाकीच्यांचा त्याहून जास्त वाढला, तर प्रत खालची लागते. गुण वाढूनही पर्सेंटाईल घसरतं ते याच कारणानं. पेपर सोपा निघाला की सगळ्यांचेच गुण चढतात. तुमचे सहा वाढले आणि गर्दीचे दहा वाढले, तर तुम्ही मागे गेलात.

परीक्षा एकाच दिवशी एकाच वेळी होत नाही, ती अनेक सत्रांत होते आणि दर सत्राचा पेपर निराळा असतो. एखाद्या सत्राचा पेपर कठीण गेला तर त्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून तुलना आधी त्या-त्या सत्रापुरती केली जाते. कठीण पेपरातले 90 आणि सोप्या पेपरातले 105 हे एकाच पर्सेंटाईलला येऊ शकतात. म्हणून "आमच्या सत्राचा पेपर अवघड होता" ही तक्रार मनातून काढून टाकावी. पेपर अवघड होता तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच होता.

यातच एक दिलासा दडलेला आहे, आणि कमी गुण मिळालेल्यांना तो कुणी फारसा सांगत नाही. परीक्षार्थींची गर्दी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. मधल्या गुणांच्या पट्ट्यात दाटी असते, वर आणि खाली ती विरळ होते. समजण्यापुरते आकडे घेऊ. 10,000 जणांच्या सत्रात 80 ते 90 गुणांच्या दरम्यान 1,500 मुलं आहेत आणि 130 ते 140 च्या दरम्यान फक्त 150. आता 80 वरून 90 वर गेलेला विद्यार्थी 1,500 जणांना मागे टाकतो, म्हणजे 15 पर्सेंटाईल वर जातो. 130 वरून 140 वर जाणाऱ्याला तेवढ्याच कष्टांत दीड पर्सेंटाईल मिळतं. 98 वरून 99.5 वर जायला जे वर्ष लागतं, त्याच्या एका तुकड्यात 45 वरून 70 वर जाता येतं. मधल्या दाटीत उभ्या असलेल्या मुलाचा प्रत्येक नवा बरोबर प्रश्न सगळ्यात जास्त मोलाचा असतो.

200 प्रश्न, 150 मिनिटं

राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए-एमएमएस सीईटीचा आजवरचा साचा असा: एकूण 200 प्रश्न आणि अडीच तास. त्यात तर्कक्षमतेचे, म्हणजे लॉजिकल रीझनिंगचे 75, आकृत्यांवरचे म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

या आकड्यांकडे नीट बघा. एका प्रश्नाला 45 सेकंद येतात, आणि त्यातच प्रश्न वाचणंही आलं. हा पेपर सगळाच्या सगळा सोडवून व्हावा अशा बेतानं काढलेला नाही. कोण काय सोडतो आणि काय धरतो, याचीही तो परीक्षा घेतो. शाळेपासून आपल्याला पहिल्या प्रश्नापासून क्रमानं लिहीत जायची सवय लावलेली असते. ती सवय इथे घात करते.

तर्कक्षमतेच्या भागातलं उदाहरण घेऊ. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, आणि त्यावर पाच प्रश्न. अशी मांडणी सुटायला सहा-सात मिनिटं लागतात. सुटली तर पाचही गुण मिळतात, पण शेवटच्या अटीला गाडी अडकली तर सात मिनिटं गेली आणि हाती शून्य. त्याच सात मिनिटांत कोडिंग-डिकोडिंग, नातेसंबंध, दिशा, सिलॉजिझम असे सुटे प्रश्न नऊ-दहा होतात आणि त्यातले सात-आठ बरोबर येतात. म्हणून सुटे प्रश्न आधी, छोटे संच नंतर आणि गुंतागुंतीच्या बैठका सगळ्यात शेवटी. संच निवडतानाही अर्धं मिनिट खर्चून अटी वाचाव्यात. "अ हा ब च्या लगेच उजवीकडे आहे" अशा ठाम अटी जास्त असतील तर संच घ्यावा. "क हा ड च्या शेजारी नाही" अशा नकारी अटींची रांग दिसली तर पुढे जावं.

गणितातही वेळ वाचवण्याची जागा उत्तराच्या पर्यायांत असते. समजा प्रश्न आहे: एका कारखान्यात 2,450 टन उसाचं गाळप झालं आणि साखर उतारा 11.2 टक्के मिळाला, तर साखर किती टन? पर्याय 252, 263, 274, 289, 301. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, तिथल्या मुलाला उतारा म्हणजे काय ते सांगायला नको. तरीही अनेक जण 2,450 गुणिले 11.2 असा उभा गुणाकार मांडतात आणि दीड मिनिट घालवतात. 10 टक्के म्हणजे 245. एक टक्का साडेचोवीस, म्हणजे झाले 269.5. उरले 0.2 टक्के, ते साधारण पाच. उत्तर 274 च्या आसपास, आणि पर्यायांत त्याच्याजवळ दुसरा आकडा नाही. वीस सेकंदांत प्रश्न संपला. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा या अंकगणिताच्या प्रकरणांत हा मार्ग पदोपदी चालतो. त्यासाठी 30 पर्यंतचे पाढे, 1/2 पासून 1/12 पर्यंतच्या अपूर्णांकांची टक्केवारी आणि 30 पर्यंतचे वर्ग तोंडपाठ हवेत. हे पाठांतर जुन्या वळणाचं वाटेल, पण सीईटीच्या गणितात इतकं कामाला येणारं दुसरं काही मला माहीत नाही.

रिकामा प्रश्न किती महाग पडतो

चुकीला गुण कापत नसतील, तर रिकामा सोडलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान. पाच पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून उत्तर दिलं तरी पाचातून एकदा ते बरोबर येण्याची शक्यता असते. शेवटी 40 प्रश्न उरले आणि सगळ्यांवर एकच पर्याय टिचकवला, तर सरासरीनं आठ गुण पदरात पडतात. नशीब साथ देईल-न देईल तसे सहा ते दहा. मधल्या दाटीत आठ गुणांची किंमत काय, ते वर आलंच आहे. तरीही दरवर्षी वेळ संपली म्हणून तीस-चाळीस प्रश्न कोरे ठेवणारी मुलं असतात. शेवटची तीन मिनिटं फक्त याच कामासाठी राखून ठेवावीत.

आयआयएमच्या कॅटमध्ये हेच केलं तर भलतंच होतं. तिथे बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नातल्या चुकीला एक गुण जातो. पर्याय चार असतात. आंधळेपणानं चार प्रश्नांवर उत्तरं टाकली तर हिशेबानं एक बरोबर येईल, तीन चुकतील. तीन मिळाले, तीन गेले, हाती शून्य. पण चारपैकी एक पर्याय खात्रीनं बाद करता आला, तर उरलेल्या तिनातून निवडताना दर प्रश्नामागे सरासरीनं एक तृतीयांश गुण पदरात पडतो. दोन बाद झाले तर पूर्ण एक. म्हणजे कॅटमध्ये अंदाज करावा तो पर्याय गाळून झाल्यावरच. ज्या प्रश्नांची उत्तरं स्वतः टाइप करायची असतात, तिथे चुकीला गुण कापले जात नाहीत. तिथे मनात आलेला आकडा जरूर लिहावा.

चौकट: कोणत्या परीक्षेचा नियम काय
सीईटी: 200 प्रश्न, 150 मिनिटं, उणे गुण नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नये. 2026 साठी राज्य सीईटी कक्षानं ही परीक्षा दोनदा घेण्याचं जाहीर केलं. दोन्हींतला चांगला निकाल धरला जातो.
कॅट: वर्षातून एकदा, साधारण नोव्हेंबरअखेर. 120 मिनिटं, तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटांचं बंधन. भागागणिक किमान पर्सेंटाईलची अटही संस्था घालतात, त्यामुळे एकच विषय पक्का असून भागत नाही.
स्नॅप (सिम्बायोसिस): 60 प्रश्न, 60 मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. तीन वेळा देता येते, सर्वांत चांगला निकाल धरतात.
एनमॅट: 108 प्रश्न, 120 मिनिटं, उणे गुण नाहीत. हीसुद्धा तीन वेळा देता येते.

गुण कुठे गळाले?

आता मुख्य काम. एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्यायची आणि ती संपल्यावर गुणांचा आकडा बाजूला ठेवून प्रत्येक प्रश्नाची झडती घ्यायची. नुसतं उत्तर चूक की बरोबर, एवढ्यावर थांबायचं नाही. का चुकलं, ते लिहायचं.

एका सराव पेपरचं चित्र असं आहे समजा. 138 प्रश्न सोडवले, 62 राहिले. 138 पैकी 79 बरोबर, 59 चूक. या आकड्यांवरून बहुतेक मुलं म्हणतील, 59 चुकले, म्हणजे विषय कच्चे आहेत, पुन्हा पहिल्यापासून सगळं करू.

पण 59 चुका एकेक करून तपासल्या तर त्यांची वाटणी होते. त्यातले 24 प्रश्न खरोखरच येत नव्हते. पद्धतच माहीत नव्हती. 14 ठिकाणी घाईत अंदाज मारला होता. आणि 21 ठिकाणी सगळं येत असूनही घोटाळा झाला: "नाही" हा शब्द वाचायचा राहिला, किलोमीटर-मीटरची गल्लत झाली, बेरजेत हातचा विसरला. मग राहिलेले 62 प्रश्न घ्यायचे आणि ते घड्याळ न लावता शांतपणे सोडवायचे. त्यातले समजा 30 सुटले. म्हणजे येत असूनही मिळाले नाहीत असे 21 आणि 30, मिळून 51 गुण या एका पेपरात आहेत. एकही नवं प्रकरण न शिकता यातले निम्मे जरी हाती लागले तरी 79 चे 104 होतात.

ही झडती घ्यायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. अडीच तासांच्या पेपरला तीन-चार तासांची झडती लागते. पण सात पेपर नुसते देण्यापेक्षा दोन पेपर देऊन त्यांची अशी झडती घेणं कितीतरी फायद्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे. येत नव्हते त्या 24 प्रश्नांसाठी पुस्तक उघडावं. घोटाळ्याच्या 21 प्रश्नांवर पुस्तक काहीच करू शकत नाही. तिथे प्रश्नातला नेमका विचारलेला भाग कच्च्या कागदावर उतरवून मगच सोडवायला लागायची सवय लावावी लागते. आणि राहून गेलेल्या 30 चा संबंध थेट प्रश्न निवडण्याशी आहे.

वाचलेलं टिकत का नाही

अभ्यासिकेत आठ-आठ तास बसूनही काहींची प्रगती होत नाही. त्यामागे स्मरणशक्तीचं एक साधं तत्त्व आहे. 2006 मध्ये अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला. काहींनी दुसऱ्यांदा वाचण्याऐवजी आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेल्यांना 42 टक्के मजकूर आठवत होता आणि लिहून काढलेल्यांना 56 टक्के. मेंदूतून माहिती बाहेर काढण्याच्या खटपटीतच ती पक्की बसते. सोडवलेली उदाहरणं वाचत गेलं की "हे येतंय" असं वाटतं. ते वाटणं पाच मिनिटांचं असतं. उत्तरावर हात ठेवून स्वतः सोडवलेलं एक उदाहरण, वाचलेल्या पाचांपेक्षा जास्त शिकवतं.

दुसरा प्रयोग तर थेट गणिताचा आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एका प्रकारची सगळी उदाहरणं संपवून मग दुसऱ्या प्रकाराकडे नेलं. दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून दिले. सराव चालू असताना पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरं बरोबर येत होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची 60. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र पहिल्या गटाला 20 टक्के आणि मिसळलेल्या गटाला 63 टक्के. कारण समजायला सोपं आहे. "काळ, काम, वेग" या प्रकरणाखालची पन्नास उदाहरणं सोडवताना कोणती रीत लावायची ते आधीच माहीत असतं. परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. रीत ओळखणं हेच तिथलं अर्धं काम असतं आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. म्हणून प्रकरण एकदा समजलं की पुढचा सराव मिसळूनच करावा. त्यात चुका जास्त होतील आणि मन खट्टू होईल, पण अभ्यास त्यातच होतो.

मराठी माध्यम आणि इंग्रजी पेपर

नगर जिल्ह्यातल्या मुलांची खरी अडचण इथे आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेपर इंग्रजीत असतो. इंग्रजी विभागाचे 50 गुण तर झालेच, पण तर्क आणि गणिताचे प्रश्नही इंग्रजीत वाचावे लागतात. माणसाचं मन एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी धरून ठेवू शकतं. वाक्यातला प्रत्येक शब्द अडखळत वाचला की ती जागा शब्दांनीच भरून जाते; प्रश्नातली अट लक्षात ठेवायला जागा उरत नाही. मुलगी तर्कात हुशार असूनही बैठकीचं कोडं दोनदा-तीनदा वाचते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. वर पाहिलेल्या 21 घोटाळ्यांतले कित्येक इथूनच येतात.

यावर अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून उपयोग होत नाही. वाचण्याचा वेग वाढवावा लागतो, आणि तो रोज वाचूनच वाढतो. इंग्रजी वर्तमानपत्रातलं अर्थविषयक पान किंवा संपादकीय रोज अर्धा तास वाचावं, दर परिच्छेदाचं म्हणणं मराठीत एका वाक्यात सांगावं, सहकाऱ्याला नाहीतर स्वतःलाच. दोन महिन्यांत फरक जाणवतो. पंधरा दिवसांत जाणवत नाही, म्हणून बहुतेक जण मध्येच सोडतात.

तोवर एक काम आजच सुरू करता येतं. आकृत्यांवरचे 25 प्रश्न जवळजवळ भाषेवाचूनचे असतात. आकृती फिरते, तिची छटा बदलते, एखादी रेघ वाढते, आरशातलं प्रतिबिंब येतं. नियमांचे प्रकार मोजके आहेत आणि ते सरावानं डोळ्यांत बसतात. पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीला बुद्धिमत्ता चाचणी दिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. कमी गुणांवरून वर चढायचं असेल तर माझ्या मते पहिली पायरी ही. बहुतेक मुलं मात्र पेपरात सगळ्यात शेवटी इथे पोचतात.

एका पेपरवरून घाबरू नका, हुरळूही नका

सराव परीक्षेत गेल्या रविवारी 92 आणि या रविवारी 87 आले की अभ्यासिकेत सुतक पसरतं. तसं कारण नसतं. तयारीत काडीचाही बदल नसताना 200 प्रश्नांच्या पेपरात गुण सहा-सातनं वरखाली होऊ शकतात. अंदाज कधी लागतात, कधी नाही, ओळखीचा संच कधी येतो, कधी नाही. म्हणून चार पेपरांची सरासरी बघावी आणि तिची तुलना त्याआधीच्या चारांशी करावी.

आणखी एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे: पहिलं सुचलेलं उत्तरच बरोबर, ते बदलू नये. 2005 मध्ये जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी दीड हजाराहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती, 25 टक्के बरोबरवरून चुकीवर, उरलेली चुकीवरून चुकीवरच. बरोबर उत्तर खोडून चुकवलं की ते वर्षानुवर्षं सलतं, म्हणून तेवढंच लक्षात राहतं. दुसऱ्यांदा वाचताना ठोस कारण सापडलं तर उत्तर बेधडक बदला.

पुन्हा बसायचं का?

हा निर्णय भावनेवर सोडू नये. महाराष्ट्रात एमबीएच्या प्रवेशासाठी पदवीला किमान 50 टक्के (राखीव प्रवर्गांना 45) आणि सीईटीत शून्याहून जास्त गुण, एवढी पात्रता पुरते. म्हणजे कमी पर्सेंटाईलनं प्रवेश बंद होत नाही. कुठे मिळतो, ते बदलतं. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत खुल्या प्रवर्गातून जायचं तर 99 च्या वरचीच चढाओढ आहे. नगरची आयएमएस, संगमनेरची अमृतवाहिनी किंवा कोपरगावची संजीवनी इथली गणितं वेगळी आहेत आणि घरी राहून शिकण्याचा खर्चही वेगळा. झडतीत येत असूनही हुकलेले गुण जास्त निघाले, तर पुन्हा बसणं फायद्याचं. पद्धतच माहीत नव्हती असे प्रश्न जास्त निघाले, तर वर्षभराची शिस्त लागेल हे मान्य करूनच बसावं. आणि कॅटमध्ये 99 पर्सेंटाईलच्या आकड्याची धास्ती घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी ते एकूण गुणांच्या अर्ध्याहून कमी गुणांवर मिळालं.

शेवटी एक विनंती जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना. ही परीक्षा संगणकावर होते. आपली मुलं मात्र सराव मोबाईलवर करतात. लहान पडद्यावर दहा-दहा प्रश्नांच्या चाचण्या देणं आणि अडीच तास मोठ्या पडद्यासमोर माऊस धरून, कच्च्या कागदावर मांडणी करत बसणं यांत फार अंतर आहे, आणि ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. आपल्याकडच्या संगणक प्रयोगशाळा रविवारी बंद असतात. सीईटीच्या आधीचे दोन महिने दर रविवारी तीन तास त्या उघडा, आपल्या महाविद्यालयात नसलेल्या मुलालाही बसू द्या, आणि पेपर संपल्यावर झडती घ्यायला एखादा शिक्षक तिथे असू द्या.